भूपालअण्णांच्या भीतीला सोबत

भूपालअण्णा भुताला भीत नसत. भुतांबद्दल त्यांना एक प्रकारची आपुलकीच होती. "भूत म्हंजे घरचाच माणूस की हो मास्तर," ते म्हणायचे. "त्याला आपलं नाव ठाऊक असतंय, गाव ठाऊक असतंय. आपल्यासाठी पिंपळावर बसून ऱ्हातंय बिचारं. एवढी वाट आपली बायको तरी बघती का?"

हे ते शिक्षकांच्या खोलीत, बोटांवरचा खडू झटकत बोलायचे. आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी इतिहास. माझे वडील गवंडी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळं मी बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. अशा माणसाला कुणी शहाणपण शिकवायला लागलं की त्याचं डोकं फिरतं. माझंही फिरायचं. पण अण्णांनी मला कधी काही शिकवलं नाही. ते मला पिक्चरला घेऊन जायचे आणि बाहेर आल्यावर एकच विचारायचे, "भ्या वाटलं का?"

मी खरं ते सांगायचो. "नाही वाटलं."

"मलाबी न्हाई," असं म्हणून ते सायकलला टांग मारायचे.

अण्णा मूळचे कुरुंदवाडचे, जैन. अंगकाठी बारीक, डोक्याला काळी टोपी, अंगात बारा महिने तोच तपकिरी कोट. दिवस मावळायच्या आत जेवायचे, मग शाळेची मीटिंग असो की कुणाचं लग्न. हेडमास्तर बोलत असतानाच हे उठायचे आणि खिडकीतून उन्हाकडं बोट दाखवून निघून जायचे. थिएटरात मात्र ते जागचे हलत नसत. कडेची खुर्ची धरायची, चपला काढायच्या, पाय वर घेऊन मांडी घालायची. त्यांच्यामागं बसलेल्याला वाटायचं, हा माणूस कीर्तनाला आलाय.

भीतीचे पिक्चर हा त्यांचा नाद. आणि नाद करावा तर कोल्हापुरात! आमच्या गावचा प्रेक्षक कशालाच भीत नाही. एकदा आम्ही एक भुताचा पिक्चर बघत होतो. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई केस सोडून जिना उतरत होती, आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "आगं, पडशील! केस बांध की आधी!" सगळं थिएटर हसलं. अण्णा हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरोबर बोलला तो. आपल्यातलीच बाई हाय ती. दिरानं विहिरीत ढकलली, आता तिला न्याय पायजे. न्याय मागायला येणाऱ्याचं कसलं भ्या? तलाठ्याकडं जातो तसंच की ते."

मग भ्या कुणाचं?

याचं उत्तर त्यांच्याकडं तयार होतं. ज्याला आपल्याकडून काहीच नको, त्याचं. ज्याला आपलं असणं ठाऊक नाही आणि नसणंही ठाऊक नाही, त्याचं. पिक्चर तोलायची त्यांची तागडी हीच होती. आकाशातून राक्षस आला आणि त्यानं शहर पाडलं, की अण्णा जांभई द्यायचे. "पाडतोय म्हंजे शहराची दखल घेतली त्यानं." शेवटी लष्करानं किंवा पाद्र्यानं त्या राक्षसाला मारलं की ते चपला शोधायला लागायचे. आणि अंधार, वीज, दार करकरणं, हे सगळं त्यांना फसवणुकीत जमा वाटायचं. "खरं भ्या दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात वाटाय पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

असले पिक्चर नेहमीच्या थिएटरात येत नसत. पण सत्तरच्या दशकात गावात एक फिल्म सोसायटी निघाली होती. महिन्यातून एका रविवारी सकाळी तिला एक थिएटर मिळायचं. परदेशी वकिलातींकडून रिळांचे डबे रेल्वेनं यायचे. बहुतेक सभासद कशासाठी आले होते ते मी स्पष्टच सांगतो. या पिक्चरांना सेन्सॉरची कात्री लागलेली नसते, अशी गावात बातमी होती. वकील, डॉक्टर, व्यापारी, सगळे पहिल्या दोन रांगा धरायचे आणि पडद्यावर बर्फात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बघून घरी जायचे.

सोसायटीचे सेक्रेटरी होते दादा. लाकडाच्या वखारीचे मालक. तरुणपणी तालमीत घालवलेली वर्षं त्यांच्या मानेवर अजून दिसायची. पिक्चरमधलं आपल्याला काही कळत नाही हे ते छाती ठोकून सांगायचे. पण त्यांच्याकडं जीप होती, आणि स्टेशनवरून डबे आणायला जीप लागायची, म्हणून ते सेक्रेटरी. पिक्चर निवडायचं काम अण्णांकडं, कारण दुसऱ्या कुणाला त्याची हौस नव्हती. पिक्चर परक्या भाषेतले, खाली इंग्रजी अक्षरंही कधी असायची, कधी नसायची. वकिलातीकडून गोष्टीचा एक कागद यायचा. तो वाचून अण्णा दाराजवळ माईक घेऊन उभे राहायचे आणि चालू पिक्चरमध्ये मराठीत गोष्ट सांगायचे.

एका रविवारी जे झालं ते गावात बरेच दिवस चघळलं गेलं.

त्या पिक्चरची अण्णांनी महिनाभर जाहिरात केली होती. आकाशातून काहीतरी पडतं. ते एका टाकीत ठेवतात. ते कुणाला दिसत नाही, पण हळूहळू माणसं बोलायची बंद होतात. थिएटर भरलं होतं. पिक्चर सुरू झाला. लांबलचक पांढरी इमारत. पांढरे डगले घातलेली माणसं. चकचकीत टाक्या, नळ्या, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. माईकवरून अण्णांचा आवाज आला, "नीट लक्ष ठेवा. अजून काही दिसणार नाही."

थिएटर चिडीचूप झालं. कॅमेरा टाकीजवळ गेला. माझ्यामागं कुणीतरी कुजबुजलं, "आता निघंल बघ." काही निघालं नाही. कॅमेरा दुसऱ्या टाकीकडं गेला.

वारणेकडचे एक पाहुणे आले होते, दुधाच्या धंद्यातले. ते उठून उभे राहिले. "अहो, ही दुधाची टाकी हाय! आत दूध तापवत्यात!"

"गप बसा ओ पावणं," चहूकडून आवाज आला. "गोष्ट फोडू नका!"

पाहुणे बसले. पुढं एक तास आम्ही सगळे श्वास धरून दूध बघत होतो. शेवटी पट्ट्यावरून लोण्याच्या वड्या एकामागून एक आल्या, एक जाड बाई त्यातली एक उचलून आमच्याकडं बघून हसली, आणि दिवे लागले. मुंबईहून पाठवताना कुणीतरी डबे बदलले होते. आम्ही त्यांच्या देशातल्या दुग्धव्यवसायाचा माहितीपट बघितला होता.

जी बोंब उठली ती उठली. फक्त पाहुणे खूश होते. यंत्र कुठं मिळतं ते विचारायला ते अण्णांकडं गेले. दादा मात्र खवळले होते. "अण्णा, लोण्याला भ्यायला लावलंत आमास्नी! वखारीतली पोरं हसत्यात मला. आता शेवटचं सांगतो. पुढला पिक्चर लोकांनी नावाजला तर ठीक. न्हाईतर निवड कमिटी करंल, आन् तुम्ही आमच्यासारखं तिकिटावर येऊन बसायचं."

अण्णा "व्हय" म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. त्या दिवशी आम्ही सायकली हातात धरून रंकाळ्याच्या काठानं चालत गेलो. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. म्हणून मी म्हणालो, "काही असो, तासभर सगळं थिएटर भ्यालं होतं."

"ते भ्या न्हवं मास्तर. काहीतरी निघणार हाय असं वाटत हुतं त्यास्नी. निघणार हाय म्हटलं की माणसाला धीर असतो."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. ते लहान असताना त्यांचे अज्जा त्यांना बसदीत, म्हणजे त्यांच्या देवळात, घेऊन जायचे. भिंतीवर नरकाची चित्रं होती. उकळती कढई, करवतीनं कापलेली माणसं. बाकीची पोरं रडायची. अज्जांनी समजावलं, की हे सगळं जग, नरक, स्वर्ग, आपण, असं मिळून एक लोक आहे. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा त्याचा आकार. पोरानं विचारलं, त्याच्या बाहेर काय? अज्जा म्हणाले, अलोक. तिथं काय हाय? काय न्हाई. जीव न्हाई, माती न्हाई, हलणंसुद्धा न्हाई, नुसती जागा. कुठवर? कुठवर म्हणून न्हाई बाळ.

"अज्जा शांतपणानं बोलले, आन् पानाला चुना लावाय लागले," अण्णा म्हणाले. "मी मात्र त्या दिवशी भ्यालो तो भ्यालो. नरकात निदान तुमचं पाप कुणीतरी मोजलेलं असतंय. कढईवाल्याला तुमच्यावर राग तरी असतोय. पण तितं? धर्मावर माझा पूर्ण विश्वास हाय हो. म्हणूनच भ्या वाटतंय. खोटं असतं तर कशाला भ्यालो असतो?"

"घरी कुणाला सांगितलंत?"

"आईला, आमच्या अव्वाला, सांगितलं, तिनं दृष्ट काढली. लग्न झाल्यावर हिला सांगितलं, ही म्हणाली, तुमास्नी अलोकाचं भ्या वाटतंय, पण स्टोव्हला पिन मारावी वाटत न्हाई." ते हसले. मग चालता चालता थांबले. "मला पिक्चरचं एवढं वेड न्हाई मास्तर. एकानं तरी माझ्यासंगट भ्यावं, एवढंच. इतकी वर्षं मी हितं एकटाच बसलोय."

माझ्या बापानं मला भिंत ओळंब्यात कशी उभी करायची ते दाखवलं होतं. भिंतीपलीकडं काय, हा प्रश्न आमच्या घरात निघाला नव्हता.

पुढचा पिक्चर अण्णांनी फार शोधून मागवला. त्याला मी दोरीचा पिक्चर म्हणतो, कारण त्याचं नाव मला तेव्हाही उच्चारता येत नव्हतं. डब्यांची पेटी मी आणि अण्णांनी मिळून ऑपरेटरच्या केबिनमध्ये चढवली. या वेळी अदलाबदल नको, म्हणून अण्णांनी प्रत्येक डब्यावरची चिठ्ठी मला मोठ्यानं वाचायला लावली. पाचपैकी एक, पाचपैकी दोन, असं करत पाचपैकी पाच.

पिक्चर असा. समुद्राची खोली मोजणारं एक जहाज. तारेला वजन बांधून खाली सोडतात, तळ लागला की तार सैल पडते, मग वर ओढतात आणि पुढं जातात. खलाशी गाणी म्हणतात, स्वयंपाकी मासे तळतो. समुद्र शांत, ऊन लख्ख. एका ठिकाणी वजन सोडतात आणि ते जातच राहतं. तार संपते. तिला दोर जोडतात. दोर संपतो.

आमचे लोक खुशीत आले. हा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता. "आमच्या विहिरीला असंच झालतं!" एकजण ओरडला. "कासरा बांधा, कासरा!" दुसरा म्हणाला. पडद्यावरच्या खलाशांनीही तेच केलं. शिडाचे दोर सोडले, झोपायच्या झोळ्यांचे सोडले, कपडे वाळत घालायची दोरी जोडली. प्रत्येक गाठ आपल्याला जवळून दाखवतात. ती कठड्यावरून सरकते आणि पाण्यात जाते. वादळ नाही, मासा नाही, काही नाही.

अण्णा माईकवर गोष्ट सांगत होते. "आता त्यांनी झेंड्याची दोरी सोडली," एवढं म्हणाले आणि पुढं बोललेच नाहीत. मी वळून पाहिलं, तर ते माईक खाली ठेवून भिंतीला टेकून उभे होते.

हळूहळू ओरडणं थांबलं. काहीजण कंटाळून उठून गेले, खुर्च्या आपटल्याचे आवाज आले. शेवटी कप्तान कुऱ्हाड घेतो आणि दोर तोडतो. दोराचं टोक कठड्यावरून जातं. जहाज वळतं. पडदा पांढरा. समाप्त वगैरे काही नाही.

दिवे लागल्यावर लोक एकमेकांकडं बघून हसायला लागले. "झालं?" "एवढंच?" ठरल्याप्रमाणं दादांनी पुढं येऊन निवाडा सांगायचा होता. दादा उठले, पडद्यासमोर आले. लोकांकडं बघितलं. "जावा घरला," म्हणाले, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

लोक गेले. झाडूवाला आला. दादा बसलेलेच. शेवटी जीपची किल्ली हातात खेळवत ते उठले आणि आमच्याकडं न बघता निघून गेले.

मी त्या दिवशी अण्णांकडं जेवलो. जेवणानंतर बसलो होतो, तीन-साडेतीन झाले असतील, आणि दारात जीप थांबली. दादा आत आले ते न बोलता पाटावरच बसले. अण्णांच्या बायकोनं, ताराक्कांनी, चहा आणून दिला.

"जेवलासा का दादा?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वैनी. घरात मटण केलंय. जाईना." रविवारी दादांना मटण जात नाही, हे ऐकून ताराक्का पदर सावरत तिथंच उभ्या राहिल्या.

दादा अण्णांकडं वळले. "अण्णा, त्यो दोर कुठं गेला ओ?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"न्हाई म्हंजे, मी अडाणी माणूस. पर घरी जाऊन आडवा झालो. डोळं मिटलं की मी खाली चाललोय. पडतोय म्हणावं तर पडत बी न्हाई. नुसता चाललोय. वर ऊन पडलंय, आन् कुणालाच ठावं न्हाई मी चाललोय ते. असं कवा झालं न्हाई मला. आखाड्यात मान मोडायची येळ आलती, तवा बी झालं न्हाई."

मी अण्णांकडं पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा आधी कधी बघितला नव्हता. वर्गात अवघड गणित एखाद्या पोराला आपोआप सुटलं की मास्तर जसा बघतो, तसे ते बघत होते. ते पुढं सरकले, दादांचा हात हातात घेतला. "दादा," ते म्हणाले, "मी लहान असताना माझे अज्जा—"

आणि थांबले.

दादांच्या दुसऱ्या हातातली बशी वाजत होती. त्या हातानं सागवानाचे ओंडके उचललेले मी बघितलेत. अण्णांनी त्या बशीकडं पाहिलं. ताराक्का अण्णांकडं बघत होत्या. अण्णांनी हात सोडला नाही, पण ते मागं सरले आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला.

"तळ हुता की दादा."

"आं?"

"शेवटचं रीळ आलंच न्हाई. एक डबा कमी आला. त्यात तळ लागतो. दोर सैल पडतो, सगळे टोप्या उडवत्यात, आन् घरला जात्यात."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी ते मिटलं.

दादांच्या डोक्यात हे शिरायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि मांडीवर थाप मारली. "आयला! मग हे तितंच सांगाय काय झालतं? माणसाचा जीव घेतला की! गणिताचा मास्तर, आन् डबं मोजता येईनात?"

"चुकलं," अण्णा म्हणाले.

"चुकलं काय चुकलं! सकाळधरनं मी मेलोय हितं!" दादा हसत होते आणि शिव्याही देत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "वैनी, काय असंल ते वाढा. भूक लागली." ताराक्कांनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. दादांनी पोटभर खाल्लं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की अण्णांनी अर्धवट पिक्चर दाखवला. आधी लोणी, आता हे. पुढच्या सभेत निवड कमिटीकडं गेली. एका वकिलानं ठराव मांडताना गणिताच्या मास्तरांवर विनोद केला. तो बरा होता, सगळे हसले. अण्णाही हसले. कमिटीनं पहिलाच पिक्चर आणला त्यात एक बाई नदीत अंघोळ करत होती, आणि सभासद वाढले.

मी एकदा अण्णांना विचारलं. म्हणालो, "इतकी वर्षं सोबत शोधत होता. मिळाली तर घालवलीत."

"मास्तर," ते म्हणाले, "मला वाटत हुतं, दोघं भ्यालो की निम्मं निम्मं हुईल. त्याच्याकडं बघितलं तर त्याचं पुरं, आन् माझं बी पुरं." आणि कधी नव्हे ते, त्यांचा नेहमीचा प्रश्न मला विचारला नाही, की तुम्हाला भ्या वाटलं का.

दोन वर्षांनी मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत हेडमास्तरची जागा मिळाली. निघालो त्या दिवशी अण्णा आणि दादा दोघं मला स्टँडवर सोडायला आले. दादांनी माझी ट्रंक एका हातानं टपावर चढवली. गाडी सुटायला वेळ होता, उन्हात तिघं उभे होतो. दादांनी घाम पुसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अण्णा, किती खोल निघालं हुतं ओ शेवटाला? त्या दोरीच्या पिक्चरमध्ये?"

ते हे अधूनमधून विचारायचे, हे मला तेव्हा कळलं. कारण अण्णांना आठवावं लागलं नाही. त्यांनी आकडा सांगितला, पूर्णांक आणि वर अपूर्णांकसुद्धा, फळ्यावर लिहिल्यासारखा.

दादांनी ओठ हलवून तो मनात म्हणून पाहिला.

"म्हंजे लई न्हाई."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "लई न्हाई."

कंडक्टरनं घंटी मारली आणि मी गाडीत चढलो. खिडकीतून पाहिलं, तर दादा अण्णांच्या खांद्यावर हात टाकून जीपकडं निघाले होते, आणि अण्णा चालता चालता दोन्ही हातांनी, तळ लागल्यावर दोर कसा सैल पडतो, ते त्यांना दाखवत होते.